कोणती तेलुगू शिकावी ?

गेल्या वर्षी एक व्याख्यान ऐकून आम्ही मंडपाबाहेर पडत होतो, तोच एका तरुणाने आम्हास गाठले. पुण्याच्या कंपनीत नोकरीची आशा धरून तो स्पॅनिश भाषा शिकत होता. त्याची अडचण अशी : "काका, ही भाषा वीसेक देशांत चालते. बटाट्याला स्पेनमध्ये 'पटाटा' म्हणतात, मेक्सिकोत 'पापा'. 'ग्वाग्वा' म्हणजे क्यूबात बस आणि चिलीत तान्हे मूल. 'तुम्ही' म्हणावयाचे तर स्पेनमध्ये जवळच्या माणसांना एक शब्द आणि परक्यांना दुसरा. मेक्सिकोत सगळ्यांना एकच. मग शिकावी तरी कोणती? आणि एके ठिकाणची शिकलो तर दुसऱ्या ठिकाणी मुक्यासारखे बसावे काय?"

आम्हास स्पॅनिशचे एक अक्षर येत नाही, आणि ते त्यालाही ठाऊक होते. तरी तो आमच्याकडे आला, कारण मराठी घरात वाढलेले आम्ही गेली तीस वर्षे सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूतून संघटनेचे काम करतो, हे त्याने पाहिले होते. त्या रात्री आम्ही दिलेले उत्तर तोकडे होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख. उदाहरणे तेलुगूची आहेत. स्पॅनिशवाल्यांनी आपल्यापुरता फेरफार करून घ्यावा.

सोलापूर हे एका भाषेचे गाव कधीच नव्हते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांनी बाराव्या शतकात वचने रचली ती कानडीत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे एका दमात घ्या : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. गावाची घडण त्या चार नावांतच दिसते. १८७७ साली येथे जुनी मिल उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि निजामाच्या मुलखातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या बाजूंनी पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या येत राहिले. गिरण्या गेल्या. हातमागांचे यंत्रमाग झाले. पुरुष मागावर आणि बायका बिड्या वळण्यावर, असा संसार पूर्व भागात घरोघर चालला. भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो किंवा नवरात्राच्या सुमारास बायका बतुकम्माची फुले रचतात, तेव्हा त्या गल्ल्यांतून फिरून पाहावे. कानावर मराठी पडेल ती पाहुण्यांशी बोलण्यापुरती.

या लोकांत काम करावयाचे तर त्यांची भाषा आली पाहिजे, एवढे आम्हास विशीतच कळले. ती कोणती, हे कळावयास पुढली पाच वर्षे गेली.

आमचे शाळेचे शिक्षण बेताचेच. जे शिकलो ते रद्दीच्या दुकानातून आणि ग्रंथालयातून. तेलुगूही तशीच. प्रथम अक्षरे शिकलो ती दुकानांच्या पाट्यांवरून. त्या गोल गोल अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी एक रेघ असते, तिला 'तलकट्टु' म्हणतात. ती ओळखू आली की निम्मी भीती जाते. मग तेलुगू शाळेत शिकलेल्या एका मित्राकडून पहिली-दुसरीची पुस्तके घेतली, हैदराबादची शिळी वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली, रेडिओवरच्या तेलुगू बातम्या ऐकल्या. वर्ष-दीड वर्षात बातमीचा अर्थ लागू लागला आणि आम्हास गर्व झाला. एका बिडी कारखान्याच्या दारात, संध्याकाळी माल जमा करावयास आलेल्या बायकांपुढे, आम्ही पाठ केलेले पहिले तेलुगू भाषण केले. कोणी हसले नाही, कोणी टाळी दिली नाही. भाषण संपल्यावर मागे उभी असलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "एवरो पंतुलु वच्चिंडु." कोणी तरी मास्तर आला आहे !

या वाक्यात आमच्या अपयशाचे सारे कारण होते. 'आला' याला आम्ही पुस्तकातून 'वच्चाडु' असे शिकलो होतो. म्हातारी म्हणाली 'वच्चिंडु'. आम्ही 'गेला' याला 'वेळ्ळाडु' म्हणत होतो, तिच्या घरी 'पोयिंडु' म्हणतात. 'कसे' म्हणजे आमचे 'एला', तिचे 'एट्ल'. पैसे म्हणजे आमचे 'डब्बुलु', तिचे 'पैसलु'. कांद्याला आम्ही 'उल्लिपाया' म्हणावयाचे, ती 'उल्लिगड्ड' म्हणे. बटाट्याला पुस्तकात 'बंगाळादुंप' असा भारदस्त शब्द, तिच्याकडे साधे 'आलुगड्ड'. आम्ही बोललो ते तिला कळले नाही असे नव्हे. कळले, पण ते शाळेतल्या मास्तराचे, रेडिओतल्या माणसाचे, कचेरीतल्या साहेबाचे बोलणे म्हणून कळले. मजुरी वाढवून मागावी असे साहेबाच्या भाषेत सांगणारा माणूस आपल्या बाजूचा असेल, यावर ती काय म्हणून विश्वास ठेवील?

हा भेद कोठून आला हे थोडे सांगितले पाहिजे. समुद्रकाठची आंध्रभूमी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजांच्या हाती गेली आणि मद्रास इलाख्यात मोडू लागली. छापखाने, शाळा, वर्तमानपत्रे तेथे वाढली, आणि कृष्णा, गुंटूर, गोदावरी या जिल्ह्यांतील शिकलेल्या लोकांची बोली पुढे पुस्तकांची व रेडिओची भाषा झाली. तेलंगण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे दरबार, कोर्ट आणि वरची शाळा उर्दूत. सामान्य माणसाची तेलुगू घरात आणि शेतात वाढली, आणि उर्दू-मराठीचे शब्द तिने मोकळेपणी घेतले. मराठवाड्याच्या मराठीचे जे झाले तेच हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही भाग एका राज्यात आले, २ जून २०१४ रोजी वेगळे झाले. राज्ये जोडता येतात आणि तोडता येतात, परंतु 'वच्चाडु' आणि 'वच्चिंडु' आपापल्या जागी आहेत तेथेच आहेत. सोलापूरचे विणकर तेलंगणातून आलेले, म्हणून त्यांची तेलुगू तेलंगणी. तिच्यात पुन्हा सोलापूरची भर पडली आहे ती वेगळीच. तेलुगू जिभेला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो; त्यामुळे बसचे 'बस्सु', मीटिंगचे 'मीटिंगु' आणि आमच्या युनियनचे 'युनियनु' होऊन जाते.

खरे तर मराठी माणसाला तेलंगणी तेलुगू अधिक सोपी जावी. मुलाला ते 'पोरडु' म्हणतात, आपल्याला लगेच पोर आठवतो. 'मग्गम्' म्हणजे माग. आपल्या 'चाक' आणि 'चहा' या शब्दांत दोन वेगळे च आहेत, तसे तेलुगूतही आहेत; ळ आणि ण तर आहेतच. 'कळ्ळु' म्हणजे डोळे आणि 'कल्लु' म्हणजे ताडी. उत्तरेकडच्या माणसाने या दोहोंत घोटाळा केला तर नवल नाही. मराठी माणसाने केला तर त्याचे डोळे ताडीनेच लाल झाले असावेत.

पण जेथे सोपे दिसते तेथेच पाय घसरतो. मराठीत 'परवा' या शब्दाने दोन दिवसांचे काम भागते, मागचाही परवा आणि पुढचाही परवा. तेलुगूत मागच्या परवाला 'मोन्न' म्हणतात, पुढच्या परवाला 'एल्लुंडि'. आम्ही दोन्ही शब्द पाठ केले होते, पण घाईत त्यांचा उपयोग काय झाला तो पाहा. एका ठिकाणी छाटीचा प्रश्न पेटला होता. वळलेल्या बिड्या तपासताना ज्या खराब म्हणून बाजूला काढतात त्यांना छाट म्हणतात. त्यांची मजुरी बाईला मिळत नाही. छाट भरमसाट निघू लागली होती. बुधवारी सगळ्या बायकांनी एकत्र यावे आणि मग मालकाच्या माणसाला भेटावे असे ठरले. सोमवारी आम्ही सायकलवरून गल्लोगल्ली फिरलो आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दिसेल त्या बाईला सांगत गेलो, "मोन्न मीटिंगु, मोन्न मीटिंगु." म्हणजे परवा मीटिंग झाली ! प्रत्येक गल्लीने समजूत करून घेतली की बाकीच्यांची सभा शनिवारी उरकली आणि आपल्यालाच तेवढे वगळले. बुधवारी आल्या अकरा जणी, आणि त्यांतल्या निम्म्या भांडावयास. मालकाच्या माणसाने डोकी मोजली आणि अकरा बायकांची तक्रार एवढी मोठी नाही असे सांगून आम्हास वाटेला लावले. तो हंगाम तसाच गेला. त्या बायकांनी वर्षभर सोसलेल्या छाटीपैकी किती आमच्या एका शब्दावर मांडावी, हा हिशेब आम्ही अजून करतो.

त्यानंतर आम्ही पुस्तक मिटले आणि ऐकावयास बसलो. बसलो हे शब्दशः खरे. दुपारी अंगणात चार-पाच जणी सुपात पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन वळावयास बसतात. हात थांबत नाहीत आणि तोंडही थांबत नाही. तेथे कोपऱ्यात बसून पाने पुसावीत, पाणी मागावे, पोरे सांभाळावीत आणि ऐकत राहावे. पहिले काही महिने आम्ही उत्तरादाखल 'औनु' आणि 'कादु', म्हणजे हो आणि नाही, यांपलीकडे फारसे बोललो नाही. भाषा शिकणाऱ्याला बोलण्याची फार घाई असते. कानाने आधी रस्ता तुडवून ठेवला पाहिजे, मग जीभ त्यावरून चालते. बाजारभाव, सासूची गाऱ्हाणी, मुलाचा ताप, नवऱ्याची दारू, बाकी-उधारी हे विषय रोज फिरून फिरून येतात, आणि तेच तेच शब्द नव्या नव्या वाक्यात बसून येतात. पुस्तकातल्या धड्यात 'हे झाड आहे, ते घर आहे' असते. अंगणात कोणी कोणाला झाड दाखवीत नाही. चुका सांगणारी माणसेही तेथेच भेटली. एका वयस्क विणकराला आम्ही आपल्या सवयीने 'मामा' म्हणून हाक मारली, तर घरातल्या साऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तेलुगूत सासराही मामाच, आणि त्या गृहस्थांना लग्नाची मुलगी होती.

जिभेची खरी परीक्षा घेतली ती एका स्वराने. मराठीत ए हा एकच आहे. तेलुगूत आखूड ए आणि लांब ए असे दोन आहेत, आणि ओसुद्धा दोन. आपल्या लिपीत हा भेद दाखवावयाची सोयच नाही. आखूड ए घेऊन 'मेड' म्हटले तर त्याचा अर्थ मान. लांब ए घेऊन 'मेड' म्हटले तर माडी, मजल्याचे घर. दिवसभर खाली वाकून बिड्या वळणाऱ्या बाईची मान दुखते, पाठ दुखते. आम्ही दुखण्यांची यादी करीत होतो. एकेकीला विचारीत होतो, "मेड नोप्पि उंदा?" आणि प्रत्येक वेळी ए लांबत होता. पत्र्याच्या एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्या बायकांना आम्ही विचारीत होतो की तुमची माडी दुखते काय. चौथ्या घरी एकीने सरळ उत्तर दिले, "माडी बांधून दे, मग दुखते का ते सांगते."

लिंगाची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे बाई आली, पाऊस आला, पत्र आले. तेलुगूत एकवचनात पुरुष तेवढा वेगळा. बाई, बस, पाऊस आणि पत्र या सर्वांना एकच 'वच्चिंदि'. मराठी माणूस प्रथम बाईला पुरुषाचे क्रियापद लावतो आणि हशा होतो. तो सुधारतो तो 'वच्चिंदि' म्हणू लागतो, आणि मग हशा होत नाही पण बाई दुखावते. कारण वयाने मोठ्या बाईला मान द्यावयाचा तर अनेकवचन हवे : पुस्तकात 'वच्चारु', आमच्या पूर्व भागात 'वच्चिंड्रु'. अनेकवचनात स्त्री आणि पुरुष पुन्हा एका पंक्तीला बसतात. बिडी कामगार बहुतेक साऱ्या बायका. त्यांच्या सभेचा वृत्तान्त आम्ही वर्षभर 'वच्चिंदि, चेप्पिंदि' असाच वाचीत होतो. पुढे एका अक्काने सांगितले, "अन्ना, मालक बोलतो तसे बोलू नको."

आता जी गोष्ट सांगावयासाठी आम्ही हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलावयाचे तर आपण, त्याला वगळून बोलावयाचे तर आम्ही. हिंदीत 'हम' एकच, इंग्रजीतही एकच, आणि त्या तरुणाला विचारले तेव्हा कळले की स्पॅनिशमध्येही एकच. तेलुगूत मात्र आपल्यासारखे दोन आहेत : 'मनम्' म्हणजे आपण, 'मेमु' म्हणजे आम्ही. मराठी माणसाला हे आयते मिळालेले धन आहे. पण व्यासपीठावरच्या मराठीला एक खोड आहे. आम्ही पुढारी 'आम्ही' फार म्हणतो. (या लेखातही म्हणतो आहोत; वाचकांनी ते सवयीचे मानून सोडून द्यावे.) ती खोड आम्ही तेलुगूत नेली. ऐन सभेत हात उंचावून म्हणालो, "मेमु पोराडुताम् !" आम्ही लढू ! क्षणभर शांतता. मग पुढच्या रांगेतून एक बाई अगदी सरळपणे म्हणाली, "मीरु कोट्लाडंडि, मेमु बीडीलु चेस्तम्." तुम्ही भांडा, आम्ही बिड्या वळतो.

तिने टोमणा मारला नव्हता. व्याकरणाप्रमाणे आम्ही तिला लढ्यातून वगळले होते आणि व्याकरणाप्रमाणेच तिने ते मान्य केले. मागणीपत्रात मालकाला लिहिताना 'मेमु' बरोबर, कारण मालक त्यात नाही. सभेत 'मनम्' पाहिजे. हा भेद आमच्या मातृभाषेत असून आम्हास परक्या भाषेत एका अडाणी बाईकडून शिकावा लागला. त्यानंतर आम्ही मराठी भाषणेही तपासली आणि पुष्कळ 'आम्ही' खोडले.

गिरणगावाच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. अमेरिकेत लॉरेन्स नावाचे कापडगिरण्यांचे शहर आहे. १९१२ च्या जानेवारीत तेथे कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले, आणि मालकांनी तेवढी मजुरी कापली. संप प्रथम पोलिश बायकांनी सुरू केला. इटालियन, पोलिश, सीरियन, लिथुआनियन अशा कितीतरी देशांची माणसे तेथे होती, आणि जाणत्यांचा अंदाज असा की यांची एकजूट होणे शक्य नाही. संघटकांनी प्रत्येक भाषागटाचे प्रतिनिधी संपसमितीत घेतले आणि प्रत्येक भाषण त्या त्या भाषेत फिरवून सांगण्याची व्यवस्था केली. जोसेफ एटर हा त्यांचा पुढारी स्वतः अनेक भाषांत बोले. कडाक्याच्या थंडीत दोन महिने संप टिकला आणि मार्चमध्ये मजुरी वाढली. एका भाषेचा आग्रह धरला असता तर तो आठवडाभरात मोडला असता, असे आमचे मत आहे.

एक बोली आली म्हणजे बाकीच्या आल्या असे मात्र नाही. आमचे तेलंगणी बोलणे बरे वाटू लागल्यावर आम्ही एका अधिवेशनासाठी विजयवाड्यास गेलो. खाणावळीत 'आलुगड्ड कूर' मागितली; वाढप्याने आणून दिली, पण हसून शेजाऱ्याकडे पाहिले. चर्चेत 'पोयिंडु' म्हटले की समोरचे प्रतिनिधी विचारीत, "तेलंगाणानुंडि वच्चारा?" तेलंगणातून आलात काय? सोलापूरचे आणि जन्माने मराठी, असे सांगितल्यावर त्यांना जो आनंद झाला तो खरा होता; परंतु आधीच्या हसण्यात जे होते तेही खरे होते. आमचे कानही तोकडे पडले. तिकडची माणसे भरभर बोलतात आणि 'वस्तुन्नाडु' यासारखी क्रियापदे अर्धी गिळतात. आमची पाठ केलेली पुस्तकी तेलुगू, जी सोलापूरच्या दारात फुकट गेली होती, ती तेथे कामास आली. वीस वर्षांपूर्वी रेडिओवर ऐकलेले शब्द कानात जागे झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चर्चा नीट समजू लागली. बोललो मात्र आम्ही आमच्याच पद्धतीने. त्यांना ते कळत होते, आणि उसना आव आणून 'वेळ्ळाडु' म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

त्या हसण्याविषयी थोडे बोलले पाहिजे. आमच्या पूर्व भागातल्या बायका कितीदा तरी सांगत, "मादि मंचि तेलुगु कादु." आमची काही चांगली तेलुगू नव्हे. ज्या भाषेत त्या जन्मल्या, रडल्या, भांडल्या, तिला त्याच खोटी म्हणत. अनेक वर्षे तेलुगू सिनेमात तेलंगणी बोली येई ती गुंडाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. नायक समुद्रकाठचे शुद्ध बोले. अलीकडे पारडे फिरले आहे. २०१७ च्या 'फिदा' या चित्रपटाची नायिका ठसक्यात तेलंगणी बोलते, आणि २०२३ चा 'बलगम' तर साराच त्या बोलीत आहे. पण पडद्यावर हे येण्यापूर्वी कितीतरी आधी एका कवीने ते काम केले होते. काळोजी नारायणराव हे त्यांचे नाव. नावावरून शंका येते ती खरी आहे : वडील मराठी, आई कानडी. ९ सप्टेंबर १९१४ चा त्यांचा जन्म. निजामाविरुद्ध ते लढले, तुरुंगात गेले, आणि कविता लिहिली ती वरंगळच्या माणसाच्या बोलीत. त्यांच्या संग्रहाचे नाव 'ना गोडव', म्हणजे माझे गाऱ्हाणे म्हणा किंवा माझी कटकट म्हणा. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस आता तेलंगणात भाषादिन म्हणून पाळतात. दुसरीकडे आंध्रात २९ ऑगस्ट हा भाषादिन आहे, तो गिडुगु वेंकट राममूर्ती यांचा जन्मदिवस. १८६३ साली जन्मलेल्या या शिक्षकाने जुन्या ग्रंथी तेलुगूविरुद्ध जन्मभर झगडून बोलती भाषा पुस्तकात आणली, आणि त्याखेरीज सवर या आदिवासींची भाषा स्वतः शिकून घेतली. गंमत पाहा, एकाने लोकांची बोली पुस्तकात नेली. ती पुस्तकी झाल्यावर तिच्याविरुद्ध दुसऱ्याला पुन्हा लोकांची बोली घेऊन उभे राहावे लागले.

आपण सोलापूरकरांनी तरी यावर हसू नये. आपले 'काय करायलास बे' आणि 'जायलालो' ऐकून पुण्याचे लोक काय करतात ते पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलांना विचारावे. त्यांतली काही मुले पहिल्या सुट्टीला घरी येतात तीच जीभ बदलून, आणि आईने 'बे' म्हटले की त्यांना लाज वाटते.

तेव्हा त्या तरुणाला आमचे सांगणे असे. तोंडासाठी एक बोली निवड, आणि ती ज्या माणसांत तुला राहावयाचे आहे त्यांची निवड. मेक्सिकोच्या लोकांशी काम पडणार असेल तर मेक्सिकोची, बटाट्याला खुशाल 'पापा' म्हण. दोन ठिकाणचे शब्द एका वाक्यात कालवू नकोस. ते कोणाचेच होत नाही. कानासाठी मात्र सर्व दारे उघडी ठेव. दुसऱ्या देशाची बोली बोलता आली नाही तरी चालते, पण समजली पाहिजे, आणि न समजल्यास विचारावयाची लाज नको. पुस्तकी भाषा टाकू नकोस. करार, नोटीस, कायदा सगळीकडे पुस्तकातच लिहिलेला असतो, आणि कामगाराला तो वाचून दाखविणारा कोणी तरी लागतो. आम्ही आजही तेलुगू पत्रक छापतो ते पुस्तकी वळणाचे, कारण छापील कागदावर 'वच्चिंडु' पाहिले की जुनी माणसेच त्याला पोरखेळ समजतात. मात्र तेच पत्रक सभेत सांगतो ते बोलीत. अस्खलित कधी होशील, असे विचारशील तर परीक्षेचा कागद सोडून दे. भाजीवाल्याशी घासाघीस करता आली की भाषा पोटापुरती आली. भांडणात शब्द अडला नाही की ती हाताशी आली. कोणाच्या घरी माणूस गेले असता दारात बसून चार शब्द बोलता आले, आणि काय बोलू नये हेही कळले, म्हणजे मग आली म्हणावयास हरकत नाही. यातले शेवटचे जमावयास आम्हास बारा वर्षे लागली.

कानडीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही, कारण आमची कानडी बेताची आहे. अक्कलकोटच्या बाजारात चालते, बंगळूरच्या माणसापुढे अडखळते. एवढे मात्र खरे की तेलुगू अक्षरे येत असली तर कानडी पाट्या महिन्याभरात वाचता येतात, दोन्ही लिप्या बहिणी-बहिणीच आहेत.

मागील हिवाळ्यात आम्ही कुंभारीला गेलो होतो. बिडी कामगार बायकांसाठी तेथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आहे. एका ओट्यावर नव्याने काम करू लागलेली एक मुलगी बसली होती, तिने आमच्याकडे पाहून शेजारच्या म्हातारीला हळूच विचारले की हा कोण. म्हातारी पान कापीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मनोडे." आपलाच आहे. 'मनम्'मधला तो 'मन' आम्ही ऐकला आणि काही बोलणार, तोच ती मुलीला पुढे म्हणाली, "कानि मेडनु मेड अंटडु." फक्त मानेला अजून माडी म्हणतो.